नॅनोपट्टी वाकवताना या चुका टाळा

"अजून एक व्होल्ट वाढवून बघू का?" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. नॅनोपट्टी म्हणजे खालच्या इलेक्ट्रोडपासून बारीक फट ठेवून अधांतरी धरलेली सूक्ष्म पट्टी; दोघांत व्होल्टेज दिलं की ती खाली वाकते. तिला खाली खेचणारं बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि फट कमी होईल तसं आणखी वाढतं. पट्टीचा स्वतःचा विरोध मात्र सरळ रेषेतच वाढतो. म्हणून समांतर पाट्यांच्या गणितात फटीचा एक तृतीयांश भाग ओलांडला की पट्टी धाडकन खाली बसते. यालाच पुल-इन म्हणतात. फट 100 नॅनोमीटर, क्षेत्रफळ 1 चौरस मायक्रोमीटर, ताठपणा 1 न्यूटन प्रति मीटर धरा: साधारण 5.8 व्होल्टला खेळ खलास.

माझीही अशीच एक पट्टी गेली. 5 वरून थेट 6 केले, कारण जेवायला जायची घाई होती. घाबरून व्होल्टेज शून्यावर आणलं, तरी ती उठेना. इतक्या जवळ आल्यावर व्हॅन डर वाल्स आकर्षणच (अणू-रेणूंमधली जवळून लागणारी ओढ) तिला धरून ठेवतं, त्याला विजेची गरज नसते. तेव्हापासून हिशेबातल्या आकड्याच्या निम्म्यावर पोचलो की मी 50 मिलिव्होल्टच्या पायऱ्या घेतो आणि सर्किटमध्ये मोठा रेझिस्टर ठेवतो, म्हणजे टेकलीच तर निदान जळत तरी नाही. कंटाळवाणं आहे. असू दे.

दुसरं दुखणं अनुनादाचं, म्हणजे पट्टी ज्या नैसर्गिक वारंवारितेला सगळ्यात जोरात हलते त्याचं. "पट्टी हिशेबाच्या निम्म्याच वारंवारितेला हलते, तडा गेलाय वाटतं," असं म्हणत नवशिके नवा नमुना मागायला येतात. तडाबिडा काही नसतो. बल व्होल्टेजच्या वर्गावर चालतं, म्हणून नुसता एसी दिला तर ते दुप्पट वारंवारितेनं ढकलतं. सोबत थोडा डीसी द्या, शिखर जागेवर सापडेल. सूत्रातला वर्ग कागदावर एकदा उलगडला असता तर दोन दिवस वाचले असते, पण कागद कोणाला हवाय!

शून्य व्होल्टला बल शून्य असतं, हेही गृहीत धरू नका. दोन धातू वेगळे असले की संपर्क विभव, म्हणजे त्यांच्यात आपोआप तयार होणारा व्होल्टेजचा फरक, असतोच. मी उलट-सुलट दोन्ही पोलॅरिटीचं व्होल्टेज देऊन पट्टी किती वाकते त्याचा पॅराबोला काढतो आणि त्याचा तळ कुठे येतो ते आधी पाहतो. तो तळ तासाभरात सरकायला लागला, तर ऑक्साइडमध्ये चार्ज साठतोय.

ओल्या एचिंगनंतर (पट्टीखालचा थर रसायनानं विरघळवल्यावर) नमुना उघड्यावर वाळवू नका. पाण्याचा पृष्ठताणच पट्टी चिकटवतो.

आणि एसईएमचा (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) इलेक्ट्रॉन बीम पट्टीवर रोखून गप्पा मारत बसू नका. तोही चार्ज सोडतो, मग तुम्ही न दिलेल्या व्होल्टेजनं पट्टी वाकते.