आर्द्रा लागण्याआधी: कोळंबी तलावातल्या डीओ प्रोबची काळजी

रात्री तीनला मोबाईलवर अलार्म वाजतो, डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये) २.४. हा आकडा पाण्यात सोडलेला प्रोब, म्हणजे मोजणारा सेन्सर, पाठवतो. धावत बांधावर यावं, सगळे एरेटर (पाणी ढवळून त्यात हवा मिसळणारी यंत्रं) सुरू करावेत, बॅटरी मारून पाहावं तर काठाला एकही कोळंबी नाही; प्राणवायू खरंच कमी असता तर ती काठाला आली असती. गेल्या श्रावणात माझ्या तलावावर असं सलग तीन रात्री झालं. चौथ्या दिवशी प्रोब वर काढून तोंडावरून बोट फिरवलं, तर शेंबडासारखा हिरवट थर बोटाला आला. त्या थरातले जिवाणूच प्राणवायू खात होते, म्हणजे प्रोब तलावाचा नव्हे, त्या थराचा डीओ सांगत होता. डिझेल गेलं ते गेलंच. पण थर सापडला नसता तर पुढच्या रात्री मी अलार्म बंद करून झोपलो असतो, आणि नेमका त्याच रात्री डीओ खरोखर पडला असता तर?

म्हणून पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी प्रोब साफ कराच. मऊ टूथब्रश आणि गोडं पाणी पुरतं. ऑप्टिकल (प्रकाशाने मोजणाऱ्या) प्रोबच्या टोपीला स्पिरिट किंवा थिनर कधीही लावू नका आणि पातं तर लावूच नका. पुसण्याआधीचं आणि पुसून पुन्हा पाण्यात सोडल्यावर दहा मिनिटांनी आलेलं रीडिंग वहीत लिहून ठेवा. दोन्हींत ०.५ पेक्षा जास्त फरक पडला, तर आजपासून रोज पुसायचं. त्याच वही-पेनाने आठवड्यातून एकदा टेस्ट किटचं रीडिंगही शेजारी लिहा.

आता जागा. जोरदार पाऊस पडला की गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, खारं खाली. मधे जणू झाकण बसतं आणि वरचा प्राणवायू बुडाशी पोचत नाही. कोळंबी तर बुडाशीच असते. पिंपाला किंवा थर्मोकोलला बांधलेला प्रोब पाणी चढलं की त्यासोबत वर येतो आणि ५.५ दाखवत राहतो, खाली मात्र जीव घुसमटत असतात. प्रोब तळात रोवलेल्या बांबूला किंवा पीव्हीसी पाइपला, बुडापासून साधारण एक फुटावर बांधा. एरेटरच्या धारेत नको, आणि उघाडीजवळही (पाणी आत-बाहेर सोडायच्या फळ्यांच्या दाराजवळ) नको. तोंड थोडं तिरपं ठेवा, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून रीडिंग वाढतं. पाऊस ओसरला की उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी जाऊ द्या, आणि एरेटर लावून थर मोडा.

क्षारतेचा आकडा मात्र बहुतेकजण विसरतात. ३० अंशांना गोड्या पाण्यात प्राणवायू सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो, २० पीपीटी (हजार भागांत २० भाग मीठ) क्षारतेला पावणेसातच्या आसपास. उन्हाळ्यात मीटरमध्ये भरलेली क्षारता तशीच राहिली आणि तलाव ८ पीपीटीवर आला, तर मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवेल. मोठ्या पावसानंतर रिफ्रॅक्टोमीटरने मोजून नवा आकडा भरा. ज्यांच्याकडे क्षारतेची आपोआप भरपाई करणारा प्रोब आहे, त्यांनीही क्षारतेचं रीडिंग पडताळावं.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा खऱ्याशी जुळवून घेणं, सोपं आहे. प्रोबच्या टोपणात ओला कपडा ठेवा, तो तोंडाला टेकू देऊ नका, पाण्याचे थेंब टिपून घ्या, आणि सावलीत तापमान स्थिर झाल्यावर १०० टक्के लावा. गॅल्व्हानिक (रासायनिक क्रियेने मोजणारा) प्रोब असेल तर तो स्वतःच प्राणवायू वापरतो, साचलेल्या पाण्यात कमी दाखवतो, म्हणून हातात धरून मोजताना हळू हलवत राहा. पीएचचा इलेक्ट्रोड काढून ठेवायचा असेल तर केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) द्रावणात ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात नको.

केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून गळेल, पेटीत जाणार नाही. अर्थिंग तपासून घ्या. विजा कडाडत असताना बांधावर प्रोब काढायला जाऊ नका, रीडिंग बंद पडलं तरी.

सलग ढगाळ दिवस आले की सौर पॅनेलवरची बॅटरी उतरते, आणि नेमकं तेव्हाच शेवाळ दिवसा पुरेसा प्राणवायू तयार करत नाही. डीओ पहाटे तीन ते सूर्योदयापर्यंत सर्वात खाली जातो. तेव्हा ढगाळ आठवड्यात बॅटरी रोज संध्याकाळी पाहा, अलार्म ४ वर लावा, आणि ३ च्या खाली गेला तर सकाळचं खाद्य थांबवा.