साताऱ्याहून लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

घरातले कोणी परदेशी शिकायला निघाले, की किती लांब आणि किती तास, हे दोन प्रश्न आधी विचारले जातात. त्यांचे उत्तर तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून दिले, तर ते हमखास चुकते.

अंतर काढण्यासाठी सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये, शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा. आधी विषुववृत्तावर दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. पृथ्वीचा हा घेर सुमारे 40,000 किलोमीटर असल्यामुळे दोरा 100 सेंटिमीटर भरला, तर 1 सेंटिमीटर म्हणजे 400 किलोमीटर झाले. आता तोच दोरा मुंबई ते लंडन ताणून धरला, की तो 18 सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर येते. न्यूयॉर्कपर्यंत ताणलेला दोरा मात्र सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो आणि नॉर्वे, आइसलँडच्या बाजूने खाली उतरतो. सपाट नकाशा पाहणाऱ्याला हे पटत नाही, पण सर्वांत जवळची वाट तीच आहे. प्रत्यक्ष उड्डाणात वारे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे वळसा पडतो.

प्रवासी विमान उंचावर ताशी साधारण 850 ते 900 किलोमीटर वेगाने जाते. अंतराला 850 ने भागून चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवला, तर लंडनसाठी नऊ तासांच्या आसपास उत्तर येते. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे जाताना याहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि येताना तेच वारे पाठीशी असतात.

सर्वाधिक घोटाळा घड्याळाचा होतो, कारण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. समजा, जूनमध्ये मुंबईहून दुपारी 1 वाजता निघालेले विमान लंडनला सायंकाळी 6 वाजता पोहोचते. वजाबाकी पाच तासांची दिसते, पण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असल्याने खरा प्रवास साडेनऊ तासांचा आहे. परतीच्या प्रवासात हाच फरक वजा करावा. मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार या दिवशी तिथली घड्याळे बदलतात आणि हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो, म्हणून आधी प्रवासाची तारीख पाहावी.

दुबईमार्गे गेल्यास एकूण अंतर 7,400 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार वाढत नाही. वेळ वाढतो तो मधल्या थांब्याने. वयस्कर आई-वडील एकटे जाणार असतील, तर थोडे जास्त पैसे देऊनही थेट उड्डाण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी घरापासूनचा हिशेब. दुपारी 1 च्या विमानासाठी 10 वाजता विमानतळावर हजर असावे लागते. साताऱ्याहून मुंबई सुमारे 250 किलोमीटर आहे. खंबाटकी आणि खंडाळा या दोन्ही घाटांतली कोंडी धरून सहा-सात तास हाताशी ठेवावेत, म्हणजे पहाटे 3 ला गाडी निघाली पाहिजे. सांगलीकरांनी यात आणखी अडीच-तीन तास मिळवावेत, आणि शक्य असल्यास आदल्या दिवशीच पुण्यात किंवा मुंबईत मुक्कामाला यावे.