आखातात घरकाम करणाऱ्या महिलेचा थकलेला पगार : ती परतण्यापूर्वी आणि परतल्यावर काय करावे

आखाती देशात घरकामाला गेलेली बाई अडचणीत आली की घरच्यांची सगळी धडपड तिला परत आणण्यासाठी चालते, आणि ते साहजिक आहे. पण तिकिटाच्या घाईत, सर्व हिशेब चुकता झाल्याचे लिहिलेल्या अरबी कागदावर तिचा अंगठा घेतला गेला, तर मुंबईत उतरल्यावर थकलेला पगार मागणे फार कठीण होते. म्हणून दाव्याची तयारी ती तिथे असतानाच करावी. येथे उदाहरण कुवेतचे घेतले आहे; इतर देशांत कायदा आणि कार्यालये बदलतात, कामाचा क्रम साधारण तोच राहतो.

पहिली पायरी : पुरावे

तिला बोलणे सुरक्षित असेल तीच वेळ ठरवावी आणि मालकाला आपण होऊन फोन करू नये. पासपोर्ट, व्हिसा, सिव्हिल आयडी (कुवेतचे सरकारी ओळखपत्र) आणि करार यांचे फोटो मागवावेत. कुवेतमधला पत्ता भाग, ब्लॉक, रस्ता आणि घर क्रमांक असा असतो. तो तिला ठाऊक नसेल तर व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायला सांगावे. एका वहीत महिनावार ठरलेला पगार, मिळालेली रक्कम आणि बाकी लिहावी. गावाकडच्या पासबुकातील पैसे आल्याच्या नोंदी आणि ज्या महिन्यांत काहीच आले नाही ती रिकामी जागा, दोन्ही उपयोगी पडतात. तिचे आणि एजंटचे आवाजी संदेश पुसू नयेत.

दुसरी पायरी : मागणी नेमकी मांडणे

कुवेतमध्ये घरकामगारांसाठी २०१५ चा कायदा क्रमांक ६८ आहे. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, वार्षिक पगारी रजा आणि नोकरी संपल्यावर प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार हे हक्क त्यात आहेत. तिच्या संमतीविना पासपोर्ट ठेवून घेण्यासही मालकाला मनाई आहे. त्यामुळे तक्रारीत नुसते “छळ होतो” असे न लिहिता थकीत पगार, रजेचे पैसे आणि सेवासमाप्तीची रक्कम वेगवेगळी मांडावी. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर ती फौजदारी बाब आहे. पगाराच्या तडजोडीत ती मिटवू देऊ नये.

तिसरी पायरी : तक्रार तिथेच नोंदवणे

परवानगीविना घर सोडले की मालक ती फरार झाल्याची तक्रार देऊ शकतो. म्हणून शक्य असेल तर भारतीय दूतावासाला आधी कळवून तिने थेट तिथे पोहोचावे. जिवाला धोका असेल तर मात्र वाट पाहू नये. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. दूतावास मध्यस्थी करतो, आणि भारतीय समुदाय कल्याण निधीतून निवारा, तिकीट व प्राथमिक कायदेशीर मदत मिळू शकते. तथापि पगाराचा दावा कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाकडेच दाखल व्हावा लागतो. कोणत्याही अरबी कागदावर सही करण्यापूर्वी तो भाषांतर करून ऐकवण्याची मागणी तिने जरूर करावी.

चौथी पायरी : मुखत्यारपत्र

ती परतल्यावरही दावा चालू राहावा यासाठी तिथल्या वकिलाच्या किंवा विश्वासू व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र लागते, आणि ते निघण्यापूर्वीच करणे सोपे पडते. राहून गेले तर भारतात नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी कुवेतचा दूतावास असे साक्षांकन करावे लागते, कारण कुवेत अपोस्टिल करारात (सदस्य देशांत एकाच प्रमाणपत्रावर कागद ग्राह्य धरणारा आंतरराष्ट्रीय करार) नाही. सौदी अरेबिया, ओमान आणि बहरीन त्यात असल्याने तिथला मार्ग लहान आहे. मुखत्यारपत्रात पैसे स्वीकारण्याचा अधिकार देताना रक्कम तिच्याच बँक खात्यात जमा व्हावी, अशी अट घालावी.

पाचवी पायरी : इथल्या एजंटवर कारवाई

मालक परक्या देशात असला तरी एजंट बहुधा आपल्याच जिल्ह्यात असतो, आणि माझ्या मते या बाजूकडे विनाकारण दुर्लक्ष होते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणीविना परदेशी भरती करणे गुन्हा आहे, आणि नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. एजंटची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते. या कायद्याखालील खटल्याला एरवी केंद्र सरकारची मंजुरी लागते. पण तक्रार स्वतः पीडितेने किंवा तिच्या आई-वडील, पती, मुले, भावंडे यांपैकी कोणी केली, तर कलम २७ नुसार ती लागत नाही. पोलिसांनी मंजुरीचे कारण सांगितले तर हे कलम लेखी दाखवावे. मात्र परदेशी नोकरीसाठी आवश्यक उत्प्रवासन मंजुरीविना देश सोडणे हाही याच कायद्याखाली गुन्हा असल्याने, भेटीच्या व्हिसावर पाठवलेल्या बाईने वकिलाशी बोलूनच जबाब द्यावा आणि तिला काय सांगून पाठवले ते त्यात स्पष्ट लिहावे.

वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न कितीही असले तरी महिलेला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, आणि १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. अर्जासोबत ती महिनावार हिशेबाची वही जोडावी आणि तिची झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी.