जुनी कॉर्व्हेट घेताना: आधी नंबर, मग लोखंड, रंग सगळ्यात शेवटी

1963 ते 1967 मधल्या कॉर्व्हेटची (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार) बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. फसगत होते ती इथेच. काच आणि दारांभोवती आत पोलादी पिंजरा आहे, खाली पोलादी चेसिस आहे, आणि गंज चढतो तो या दोन्हींना. जाताना टॉर्च, छोटा आरसा, टोच्या आणि जॅक घेऊन जा. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा, की इंजिन गरम करून ठेवू नका.

सुरुवात नंबरांपासून. गाडीचा नंबर ग्लव्हबॉक्सखालच्या पट्टीवर असतो. 1967 च्या कूपेचा (पक्क्या छताची गाडी) 194377S ने सुरू होतो, कन्व्हर्टिबलचा (छत उघडणारी) 194677S ने. S म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. हा नंबर मालकीच्या कागदाशी आकडा न् आकडा जुळवा आणि पट्टी उचकटून परत बसवल्याच्या खुणा आहेत का ते बघा. चेसिसवरही नंबर ठोकलेला असतो, पण बॉडी उचलल्याशिवाय तो सहसा दिसत नाही.

मग इंजिन. प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे इंजिन ब्लॉकवर एक सपाट जागा आहे, ती कापडाने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. तिथे गाडीच्या नंबराचे शेवटचे सहा आकडे आणि त्यांच्याआधी वर्षाचा एक आकडा हवा, 1967 साठी 7. शेजारी जोडणीचा कोड असतो: V0112HE म्हणजे फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात 12 जानेवारीला जोडलेलं 327 घनइंची, 300 अश्वशक्तीचं, मॅन्युअल गिअरबॉक्सचं इंजिन. ब्लॉक ओतल्याची तारीख जोडणीच्या आधीची हवी आणि जोडणी गाडी तयार होण्याच्या आधीची. त्या जागेवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. त्या नसतील, तर आकडे मागाहून ठोकले असण्याची शक्यता धरा. ओव्हरहॉलमध्ये ब्लॉक घासला तरी त्या जातात, म्हणून विक्रेत्याला लगेच लबाड ठरवू नका. पण ‘मूळ इंजिन’ म्हणून जास्तीचे पैसेही मोजू नका.

आता लोखंड, आणि इथे घाई नको. दारांच्या पुढे पायाजवळ असलेली आवरणं स्क्रू काढून बाजूला करा आणि बिजागरीच्या खांबाचा तळ टोच्याने दाबून बघा. टोच्या आत रुतला, पापुद्रे सुटले, तर तिथेच थांबा. पिंजरा दुरुस्त करायचा म्हणजे बॉडी फाडावी लागते. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून डॅशवर तांबूस ओघळ आले असतील तर काचेची चौकटही गंजलीय. खाली मागच्या चाकांच्या पुढे चेसिस जिथे वर वळतं तिथे हातोडीने हलकेच वाजवा: खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला तर आतून पत्रा खाल्लाय.

फेंडरच्या आतून बॉडी बघा. मूळ पॅनेल आतूनही गुळगुळीत असतात आणि सांध्यांमागे जोडपट्ट्या दिसतात. खरखरीत जाळी दिसली की तिथे अपघाताची डागडुजी झालीय.

गाडी मागून बघा. चाकं वरून आत झुकलेली दिसली तर डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) बाजूच्या योकची (हाफशाफ्ट जोडणारा दुबेळका तुकडा) टोकं झिजलेली असू शकतात. या गाडीत हाफशाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा आहे. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. मागच्या बेअरिंगचा खेळ 0.008 इंचांपेक्षा जास्त नको, त्यामुळे हाताला स्पष्ट ठक्क लागलं तर बेअरिंगचं काम आलंच.

1965 पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, प्रत्येक कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चार पिस्टन. गाडी बरेच दिवस न चालवता उभी राहिली की ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, कॅलिपरमधली पिस्टनची बीडाची भोकं गंजतात आणि सील गळतात. म्हणून चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधा. गळती नाही आणि पेडल मात्र मऊ, असं असेल तर डिस्क डगमगत असते. तिच्याबरोबर पिस्टन मागेपुढे होऊन हवा आत ओढतात. अशा वेळी डिस्क सरळ करायला लागते, शिवाय भोकांत स्टेनलेस स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) बसवलेले कॅलिपर घालावेत.

शेवटी थंड इंजिन सुरू करा. गाडी तापल्यावर ऑइलचा दाब दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय हवा. आत लपलेले हेडलाइट फिरवून उघडा; दोन्ही बाजू एकदम वळल्या नाहीत तर मोटर किंवा वायरिंगचा खर्च भावातून वळता करा.