फिट ओळखणारं मॉडेल, अल्ट्रासाउंडचा ट्रिगर आणि पाण्याची टाकी

मुंबईत बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी हे लिहीत आहोत. ईईजीवरून, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीवरून, अपस्माराची फिट ओळखायची आणि ओळखताक्षणी अल्ट्रासाउंडचा बर्स्ट, म्हणजे लहरींचा छोटा झोत, सोडायचा, हे कॉलेजच्या लॅबमध्ये जमतं. बर्स्ट सोडायचा तो पाण्याच्या टाकीत. कुणाच्याही डोक्यावर नाही, स्वतःच्याही नाही. मेंदूवरच्या फोकस्ड (एका बिंदूवर एकवटलेल्या) अल्ट्रासाउंडला अमेरिकेत एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१६ साली पहिल्यांदा मान्यता दिली ती इसेन्शियल ट्रेमर या हात थरथरण्याच्या विकारासाठी. अपस्मारावर त्याच्या अजून चाचण्या चालू आहेत. फिटची चाहूल लागताच उपचार करणारं न्यूरोपेसचं यंत्र २०१३ पासून मान्यताप्राप्त आहे, पण ते कवटीत बसवतात आणि ते विजेचे स्पंद देतं.

डेटासाठी फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरचा सीएचबी-एमआयटी संच घ्या. तो बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातला आहे, सेकंदाला २५६ नमुने, ईडीएफ या ईईजीच्या नेहमीच्या स्वरूपातल्या फाइली. ६६४ फाइलींपैकी १२९ फाइलींत फिट आहे, एकूण १९८ फिट. प्रत्येक केसच्या समरी फाइलमध्ये फिटची सुरुवात आणि शेवट सेकंदांत दिलेला आहे. वाचायला एमएनई-पायथन ही सॉफ्टवेअर लायब्ररी पुरते. टी८-पी८ हे चॅनेल (डोक्यावरच्या दोन इलेक्ट्रोडमधला सिग्नल) दोनदा येतं, त्यातलं एक काढा. नुसत्या डॅशच्या नावाचे रिकामे चॅनेलही काढा.

केस क्रमांक १ आणि २१ ही एकच मुलगी आहे, दीड वर्षाच्या अंतराने नोंदवलेली. एक ट्रेनिंगमध्ये आणि दुसरी टेस्टमध्ये गेली, तर निकाल उगाच चांगला दिसेल. म्हणून विभागणी खिडक्यांची, म्हणजे नोंदीच्या काही सेकंदांच्या तुकड्यांची, नको, फाइलींचीही नको, रुग्णांची करा.

सिग्नल ०.५ ते ४० हर्ट्झमध्ये गाळा. चार सेकंदांची खिडकी, म्हणजे १०२४ नमुने, एक-एक सेकंद पुढे सरकवा. फिल्टर लावताना बहुतेक जण फिल्टफिल्ट हे तयार फंक्शन वापरतात. ते सिग्नल पुढून आणि मागून, दोन्हीकडून गाळतं, म्हणजे पुढे काय येणार आहे ते त्याला आधीच कळलेलं असतं. रुग्णाशेजारी बसलेल्या यंत्राला ते कळणं शक्य नाही. एकाच दिशेने चालणारा फिल्टर वापरा आणि थोडा उशीर स्वीकारा. नॉर्मलायझेशनचंही (सिग्नल एका मापात आणण्याचंही) तसंच: सरासरी संपूर्ण फाइलची नाही, आधीच्या काही मिनिटांची घ्या.

पहिलं मॉडेल साधं ठेवा. प्रत्येक चॅनेलची लाइन लेंग्थ (लागोपाठच्या नमुन्यांमधल्या फरकांची बेरीज) आणि डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा या वारंवारतेच्या पट्ट्यांची ऊर्जा काढून रँडम फॉरेस्टला, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांचं मत घेणाऱ्या मॉडेलला, द्या. एवढ्यावर आकडे जमले नाहीत तर डीप लर्निंगने चमत्कार होणार नाही. बहुधा लेबलं, म्हणजे फिट कुठून कुठवर आहे त्या खुणा, सरकलेली असतात.

आता अॅक्युरसीबद्दल, म्हणजे बरोबर उत्तरांच्या टक्केवारीबद्दल. फिटचा वेळ एकूण नोंदीत इतका थोडा आहे, की कायम “फिट नाही” म्हणणारं मॉडेलही ९९ टक्क्यांच्या वर जातं. तेव्हा तो आकडा अहवालात पुढे करू नका. तीन गोष्टी सांगा: किती फिट पकडल्या, चोवीस तासांत किती खोटे अलार्म वाजले आणि फिट सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी कळलं. पाचपैकी तीन खिडक्या होकार देतील तेव्हाच अलार्म, असा नियम लावला की चघळण्यामुळे किंवा डोकं खाजवल्यामुळे वाजणारे खोटे अलार्म बरेच घटतात. त्याबदल्यात दोन-तीन सेकंद जातात. ही देवाणघेवाण आलेखावर दाखवा; परीक्षकांनी पाहायची गोष्ट तीच.

अलार्म मिळाला की इशारा लॅपटॉपवरून आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला, तिथून फंक्शन जनरेटरच्या (विजेच्या लहरी तयार करणाऱ्या यंत्राच्या) ट्रिगरला, पुढे अॅम्प्लिफायर, मॅचिंग सर्किट आणि विजेचा ध्वनी करणारा ट्रान्सड्यूसर. लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारे अंतर मोजायचे ४० किलोहर्ट्झचे सेन्सर इथे निरुपयोगी: पाण्यात त्या लहरीची लांबी जवळजवळ ३७ मिलिमीटर होते, मग फोकस कसला? ह्युमिडिफायरच्या १.७ मेगाहर्ट्झच्या चकतीची लहर कवटीचं हाड बरीच गिळतं. ५०० किलोहर्ट्झचा, पाण्यात बुडवता येणारा फोकस्ड ट्रान्सड्यूसर हवा. त्याची लहर ३ मिलिमीटरची. जुनं सोनोग्राफी मशीन घेण्याचा विचारही करू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्याला ते विकणं गुन्हा आहे.

टाकीतलं पाणी उकळून, झाकून थंड करा, नाहीतर विरघळलेल्या हवेचे बुडबुडे येऊन हायड्रोफोनचं, म्हणजे बर्स्ट मोजणाऱ्या पाण्यातल्या मायक्रोफोनचं, माप बिघडतं. पाण्याचं तापमान नोंदवा: २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला १४८२ मीटर असतो, मे महिन्यातल्या ३० अंशांना १५०९. ट्रान्सड्यूसरसमोरच्या भिंतीला ध्वनी शोषणारा रबर लावा. सुरुवातीला बर्स्ट २० सायकलचा ठेवा. तो पाण्यात सुमारे ६ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे प्रतिध्वनी वेगळा दिसतो. १०० सायकलचा बर्स्ट ३० सेंटिमीटर होतो आणि लहान टाकीत स्वतःच्याच प्रतिध्वनीत मिसळतो.

पुढे ईईजी अॅम्प्लिफायर शेजारी ठेवून चाचणी कराल, तेव्हा बर्स्ट सेकंदाला २५० वेळा सोडू नका. अँटी-एलियासिंग फिल्टर (नमुने घेण्याआधी जास्त वारंवारता अडवणारा) कमी पडला तर २५६ नमुन्यांच्या नोंदीत त्याची ६ हर्ट्झची लय उमटते, थेट थीटा पट्ट्यात. मग मॉडेल स्वतःच सोडलेल्या बर्स्टला फिट समजतं आणि पुन्हा बर्स्ट सोडतं. यंत्र थांबतच नाही. म्हणून प्रत्येक बर्स्टनंतर ठरावीक वेळ ट्रिगर बंद ठेवण्याची सोय आर्डुइनोमध्येच करा, लॅपटॉपच्या भरवशावर नको.

हेच मॉडेल मुंबईच्या रुग्णालयातल्या नोंदींवर चालवायचं असेल तर आधी तिथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या आणि नाव-नंबर काढलेल्याच फाइली मागा. बोस्टनच्या नोंदीत विजेची गुणगुण ६० हर्ट्झला आहे, आपल्याकडे ५० ला. ती एकच वारंवारता काढणारा नॉच फिल्टर बदला. आपल्या दमट हवेत घामामुळे बेसलाइन हळूहळू वरखाली तरंगते, ती ०.५ हर्ट्झच्या खाली असेल तर फिल्टरच काढतो. इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (त्वचेशी जोडणीतला विजेचा अडथळा) नोंदीच्या सुरुवातीलाच नाही, शेवटीही तपासून घ्यायला टेक्निशियनला सांगा. पेस्ट वाळली, की ज्या चॅनेलवर खोटे अलार्म जास्त येतात ते नेमके या दुसऱ्या मापात उघडे पडतात.