तीन पायऱ्यांचं काम

सदाशिव पेठेतलं आमचं घर तळमजल्यावर, पण दारात दगडी पायऱ्या तीन, प्रत्येक 9 इंचांची. गुडघे झिजल्यापासून आईचं बाहेर पडणंच थांबलं. आधी उतार करायचं ठरवलं. चाकाच्या खुर्चीसाठी 1 फूट उंचीला 12 फूट लांबी लागते. म्हणजे आमच्या 27 इंचांना 27 फूट! एवढ्यात रस्ता ओलांडून समोरच्यांच्या ओट्यावर पोचलो असतो.

मग प्रत्येक पायरीच्या अर्ध्या रुंदीत साडेचार इंच उंच लाकडी ठोकळा बसवला. चढ निम्मा झाला. खाली रबर, कडेला पिवळी खरखरीत पट्टी. पट्टी आईने सांगितली, कारण संध्याकाळी तिला कड दिसेना.

कठडा मात्र चुकला. जुन्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरेनात, आठवड्यात हलायला लागला. शेवटी दगडात खांब रोवून 38 मिलिमीटरचा पाइप लावला. मूठ पूर्ण वळते. शेवटच्या पायरीपुढे फूटभर जास्त ठेवला.

फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

काल आई एकटीच भाजी घेऊन आली. मेथी जून निघाली, ते वेगळं.