दुर्मीळ व्हिस्की साठवून विकायची असेल, तर आधी एवढं करा

ही यादी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. दुर्मीळ स्कॉच घ्यायची, काही वर्षं ठेवायची आणि लिलावात विकायची, हे तिथे राजमार्गाने करता येतं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती एकच बाटली का असेना. तेव्हा ‘इथे घेऊ आणि पुण्यात कुणाला तरी विकू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. भारतात जाताना मोठ्या माणसाला दोन लिटर करमुक्त नेता येते, ती घरी बसून प्यायला.

यादी लिहायला कारण घडलं ते एवढंच. घर बदलताना माझे खोके भाड्याच्या गोदामात महिनोन्महिने आडवे पडून राहिले. त्यातली पोर्ट एलन या जुन्या स्कॉटिश डिस्टिलरीची, म्हणजे व्हिस्की गाळणाऱ्या कारखान्याची, बाटली बाहेर काढली तेव्हा बूच पाझरलेलं होतं, व्हिस्की खांद्याच्या खाली उतरली होती आणि लेबलावर तपकिरी ओघळ होते. बाकी सगळं नीट केलेलं असूनही तिची किंमत गेली. म्हणून एक गोष्ट खाली पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा: बाटली उभी ठेवायची.

पैशांपासून सुरुवात करा. पाच-सात वर्षं ज्यांची गरज पडणार नाही तेवढेच पैसे यात घाला. बाटली व्याज देत नाही, लाभांश देत नाही, आणि भाव चढतातच असंही नाही. अनेक वर्षं चढत गेलेला बाजार 2022 नंतर उतरला आणि शिखरावर घेतलेल्यांचे पैसे अडकले. नोव्हेंबर 2023 मध्ये सदबीज या लिलावगृहाच्या लंडनच्या लिलावात मॅकॅलन या स्कॉच डिस्टिलरीच्या 1926 सालच्या व्हिस्कीची एक बाटली 21 लाख 87 हजार 500 पौंडांना गेली, ती बातमी वाचून बरेच जण या नादाला लागले. पण ती 263 क्रमांकाच्या एकाच पिंपातून 1986 मध्ये भरलेल्या 40 बाटल्यांपैकी एक, 60 वर्षं मुरलेली. तिच्यावरून तुमच्या 300 पौंडांच्या बाटलीबद्दल काहीही कळत नाही.

मग कागद-पेन घेऊन अडतीचा हिशोब मांडा. हा करायला कुणालाच नको असतो. ऑनलाइन लिलावात घेणाऱ्याला साधारण 10 टक्के कमिशन आणि त्यावर 20 टक्के व्हॅट पडतो. म्हणजे 500 पौंडांवर बोली थांबली की तुमच्या खिशातून 560 जातात, पाठवणी वेगळी. तीच बाटली पुढे 600 ला गेली आणि विकणाऱ्याची अडत 5 टक्के अधिक व्हॅट धरली, तर हातात 564 येतात. बोलीत बाटली 20 टक्क्यांनी वाढली आणि तुम्हाला सुटले चार पौंड. पाठवणी, विमा आणि राखीव किंमत (जिच्या खाली बाटली द्यायची नाही ती) लावण्याचा आकार धरला तर तेही गेले. प्रत्येक लिलावगृहाचे दर वेगळे असतात, ते नोंदणी करण्याआधी वाचा. बोली लावताना कमिशनसकटचा आकडा समोर लिहून ठेवा आणि शेवटच्या मिनिटाला त्याच्यावर जाऊ नका. शेवटी बोली आली की वेळ वाढत राहते, आणि त्या वाढलेल्या वेळातच माणसं शहाणपण सोडतात.

आता काय घ्यायचं. ‘लिमिटेड एडिशन’ या शब्दांना स्वतःची काही किंमत नाही, किती बाटल्या भरल्या तो आकडा बघा. आकडाच छापलेला नसेल तर ती दुर्मीळ नाही असं धरून चाला. 2018 च्या ऑगस्टमध्ये मॅकॅलनने नव्या डिस्टिलरीच्या निमित्ताने जेनेसिस काढली. एकूण 2,500 डिकॅन्टर (काचेच्या शोभिवंत बाटल्या), त्यातले 360 डिस्टिलरीतच विकायचे, किंमत 495 पौंड. गाड्यांच्या रांगांनी रस्ते तुंबले आणि लगेचच त्या बाटल्या लिलावात मूळ किमतीच्या कितीतरी पटीने गेल्या. ज्यांना रांगेत मिळाली त्यांचं भलं झालं. पण आपण बहुतेक वेळा त्या रांगेत नसतो, आपण रांगेतल्यांकडून दुसऱ्या हाताने घेणारे असतो. दुकानभावात मिळेल तेच घ्यायचं अशी शिस्त ठेवा. त्यासाठी दुकानांच्या आणि डिस्टिलरींच्या सोडतींत नाव घाला. स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीसारख्या ठिकाणी उत्पादनच थोडं आणि मागणी जगभर, तिथे ओळखीचा दुकानदार असणं फार उपयोगी पडतं.

बंद पडलेल्या डिस्टिलरींचा माल हा जुना, खात्रीचा मार्ग मानला जातो. पोर्ट एलन आणि ब्रोरा 1983 मध्ये बंद झाल्या, रोझबँक 1993 मध्ये. पण ‘पुन्हा कधीच बनणार नाही’ हे वाक्य आता कुणी ऐकवलं तर सांगा, की ब्रोरा 2021 मध्ये, रोझबँक 2023 मध्ये आणि पोर्ट एलन 2024 मध्ये परत सुरू झाली आहे. जुन्या पिंपांतला माल मर्यादितच आहे, तो वेगळाच राहील असं मला वाटतं. मात्र भाव ठरवताना ही गोष्ट डोक्यात हवी. आणि या जुन्या बाटल्यांची बुचंही जुनी असतात. वाईन आडवी ठेवतात कारण तिच्यात 12-14 टक्के अल्कोहोल असतं आणि ओलं बूच फुगून बसतं. व्हिस्कीत 40 टक्के किंवा त्याहून जास्त असतं, ते बूच खातं, बुचाची चव उतरवतं आणि शेवटी वाट काढतं. त्यामुळे बाटली दारात आली त्या क्षणापासून उभी.

भारतीय व्हिस्कीबद्दल विचारतात म्हणून थोडं सांगते. बंगळुरूची अमृत 2004 मध्ये ग्लासगोत आली आणि तिचे काही मोजके प्रकार संग्राहक आवर्जून घेतात. गोव्याच्या पॉल जॉनचंही तसंच. उष्ण हवेत पिंपातून वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त उडून जातं, स्कॉटलंडमध्ये साधारण 2 टक्के, म्हणून आपल्याकडे फार जुनी व्हिस्की उरतच नाही. प्रेम असेल तर घ्या, मी घेते. पण विकताना गिऱ्हाईक कमी असतं, त्याची तयारी ठेवा.

नकली मालाबद्दल मात्र कुणाचंही ‘मला कळतं’ ऐकू नका. 2017 मध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात चीनमधल्या एका लेखकाने 1878 ची मॅकॅलन म्हणून एका पेल्याला जवळपास 10,000 स्विस फ्रँक मोजले. ऑक्सफर्डच्या कार्बन चाचणीत ती 1970 ते 1972 च्या दरम्यानची निघाली, आणि वेगळ्या तपासणीत कळलं की ती सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची निव्वळ सातूची, नव्हतीच, इतर धान्यांची व्हिस्की मिसळलेली होती. 2018 मध्ये ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेत 55 दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या 21 एकतर नकली होत्या किंवा सांगितलेल्या सालच्या नव्हत्या. चाचणीमागचं तत्त्व साधं आहे. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) वाढला, तो सातूत उतरला आणि सातूतून व्हिस्कीत. त्याआधीच्या बाटलीत तो वाढीव हिस्सा असूच शकत नाही. ही चाचणी आपल्या आवाक्यातली नाही, त्यामुळे डोळे वापरा. ब्रिटनमध्ये 75 सेंटीलिटर जाऊन 70 आलं ते 1990 च्या सुमारास. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये विकलेली म्हणून दाखवलेल्या बाटलीवर 70 सीएल छापलेलं असेल तर पुढे बोलूच नका. काचेवरचा छापील कोड, टोपण आणि लेबलाची कड यांची त्याच बाटलीच्या जुन्या लिलावांतल्या फोटोंशी तुलना करा. फेसबुकवरून, ओळखीच्या ओळखीकडून, रोखीने काही घेऊ नका. आणि महागडी बाटली प्यायलात तर टाकून देताना लेबल फाडा, रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा भरणारे असतात.

बाटलीऐवजी गोदामात मुरत पडलेल्या अख्ख्या पिंपात गुंतवणूक सुचवणारे फोन येतील. सरळ ठेवून द्या. एकच पिंप अनेकांना विकल्याची प्रकरणं ब्रिटनमध्ये बाहेर आली आहेत आणि या व्यवहारावर तिथल्या वित्तीय नियामकाची देखरेख नाही. सुंदर छापलेल्या प्रमाणपत्राने पिंप तुमचं होत नाही. गोदामाने तुमच्या नावाची नोंद केली आहे का, ते गोदामालाच विचारावं लागतं.

बाटली घरी आली की त्याच दिवशी फोटो काढा. समोरून, मागून, टोपण, काचेवरचा कोड, आणि उजेडासमोर धरून आतली पातळी. पातळीवरच भाव ठरतो. गळ्यात असेल तर उत्तम, खांद्यावर आली की घेणारा हात आखडतो. पावती, खोका, आतलं पत्रक, नळकांडं, काहीही टाकू नका. खोका नसलेली बाटली स्वस्तात जाते.

आता साठवण, आणि ही नीट वाचा. अंधार हवा, कारण उन्हाने लेबल विटतं आणि रंगही उतरतो. तापमान स्थिर हवं, म्हणजे रेडिएटरजवळ नको, स्वयंपाकघरात नको, छताखालच्या माळ्यावरही नको. ओल नको, तिने लेबलाला बुरशी धरते, त्यामुळे गॅरेज बाद. गळ्याभोवती पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) ताणून गुंडाळा, बाष्पीभवन कमी होतं. आणि उभी. कपाटात उभी, खोक्यात उभी, खोका ज्या खोक्यात ठेवलाय तोही उभा. भेटीसाठीच्या पेट्यांमध्ये बाटली मखमलीवर आडवी झोपवलेली असते, दिसते फार छान, पण तशी वर्षानुवर्षं ठेवू नका. ती पेटी सरळ उभी करा किंवा बाटली काढून वेगळी उभी ठेवा. सदबीजमध्ये गेलेल्या त्या मॅकॅलन 1926 चं बूचसुद्धा लिलावाआधी डिस्टिलरीने बदलून दिलं होतं. तुमच्या-माझ्या बाटलीचं कुणी बदलून देणार नाही.

घर बदलताना तर याच्यासाठी वेगळा दिवस काढा. सामान हलवणाऱ्या माणसांना खोक्यावरचा बाण दिसत नाही, त्यांना फक्त रचायला सोपी बाजू दिसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बाटल्या त्यांच्या हातात द्यायच्याच नाहीत. स्वतःच्या गाडीने न्या, मागच्या सीटवर, पट्टा लावून, उभ्या. काही तास आडवी गेल्याने बूच मरत नाही, महिने मारतात. गोदामात ठेवावंच लागलं तर पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन कुलूप उघडा आणि खोके कसे ठेवलेत ते डोळ्यांनी बघून या. ‘नीट ठेवलंय’ या फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. दर सहा महिन्यांनी पातळीचा फोटो काढून जुन्या फोटोशी ताडून बघा. बूच पाझरायला लागलं हे वेळेत कळलं तर बाटली विकता तरी येते. उशिरा कळलं तर ती फक्त प्यायची उरते.

विमा: घराच्या पॉलिसीत एकेका वस्तूला मर्यादा असते आणि संग्रह बहुधा कळवावा लागतो. कळवा. गळती किंवा बूच खराब होणं त्यात क्वचितच येतं, म्हणून वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

विकण्याबद्दल थोडक्यात. दारूच्या किरकोळ विक्रीला ब्रिटनमध्येही परवाना लागतो, तो लिलावगृहाकडे असतो, त्यामुळे विक्री त्यांच्यामार्फतच. गेल्या वर्षभरातले तुमच्या बाटलीचे भाव बघा, सगळ्यात वरचा नको, मधला धरा. एकाच लिलावात तशा दहा बाटल्या आल्या असतील तर थांबा. राखीव किंमत लावा, पण हव्यासाने नको, न विकली गेली तरी आकार लागतो. कुरियरवाले बाटल्या नेतात, फुटली तर भरपाई मात्र अनेक जण देत नाहीत, ते आधी विचारा. जमत असेल तर स्वतः नेऊन द्या. पाठवलीच तर दुहेरी खोका, चारही बाजूंनी भराव, आणि हो, उभी.

कर: एका वस्तूचे 6,000 पौंड किंवा कमी आले तर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. पण संच फोडून एकाच माणसाला विकलात तर तो एकच धरतात, आणि सारखी घेऊन-विकून करत असाल तर तो व्यापार धरून आयकर लावू शकतात. अकाउंटंटला विचारा. लिलावगृहाचा हिशोबाचा कागद, खरेदीची पावती आणि बँकेतली जमा एकत्र टाचून ठेवा.